पावडर घरी आली, कंपाउंडर आला नाही

काचेच्या वाटीत कोरफडीचा गर, त्यात दोन चमचे गुलाबजल, ग्लिसरीनचे चार थेंब आणि शेवटी पांढऱ्या पावडरची एक चिमूट. ढवळले, बाटलीत भरले, झाले ‘सीरम’. बाजारात पाचशे रुपयांना मिळते ते घरी दहा रुपयांत, असे सांगून रील संपते. अशा रील्स सध्या मराठीतही भरपूर दिसतात. त्यातली ती पांढरी पावडर म्हणजे सॅलिसिलिक आम्ल. मुरूम, ब्लॅकहेड्स, डोक्यातला कोंडा, पायाचे कुरूप, टाचांवरची जाड कातडी या साऱ्यांवर ते उपयोगी पडते अशी त्याची ख्याती आहे आणि ती खोटी नाही. म्हणूनच ‘असले उद्योग करू नका’ एवढे सांगून हा विषय सोडून देता येत नाही.

पैशांचा मुद्दाही खराच आहे. दोन टक्के सॅलिसिलिक आम्ल असलेली ३० मिलिलिटरची बाटली तीनशेपासून सहाशे रुपयांपर्यंत मिळते. शुद्ध पावडरचे १०० ग्रॅमचे पाकीट याहून स्वस्तात घरपोच येते. एका बाटलीत असते जेमतेम ०.६ ग्रॅम आम्ल. म्हणजे एका पाकिटात १६६ बाटल्यांचा ऐवज! हे गणित पाहून कॉलेजातल्या मुलीला किंवा काटकसरीने घर चालवणाऱ्या गृहिणीला आपण लुटले जात आहोत असे वाटले, तर तिचे चुकले असे म्हणता येणार नाही.

पण गणितात एक गोष्ट राहून गेली आहे. बाटलीच्या किमतीत जाहिरात आणि नफा असतो, हे खरे. त्यातून पावडरचे पैसे जवळपास शून्य असतात, हेही खरे. उरलेले पैसे असतात ती पावडर अचूक मोजण्याचे, पूर्ण विरघळवण्याचे आणि तिचा आंबटपणा त्वचेला सोसेल तिथे रोखून धरण्याचे. स्वस्तात मिळते ती पावडर. ही तीन कामे पाकिटातून येत नाहीत. चेहऱ्यासाठी शुद्ध पावडर आणून घरी सीरम बनवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्याचे कारण या तीन कामांत आहे.

चिमटीचे माप

आपला स्वयंपाक अंदाजाने चालतो आणि उत्तम चालतो. चिमूटभर मीठ जास्त पडले तर भाजी खारट होते, पुढच्या वेळी हात आखडतो. डाळीच्या पिठात हळद थोडी जास्त पडली तर चेहरा दोन दिवस पिवळा दिसतो. या पदार्थांत चुकीला मुबलक जागा आहे. सॅलिसिलिक आम्लात ती नाही.

याच आम्लाच्या वेगवेगळ्या तीव्रता काय काय करतात ते पाहा. मुरमांसाठी विनाचिठ्ठी विकायच्या उत्पादनांत अमेरिकेत अर्धा ते दोन टक्के एवढीच परवानगी आहे. युरोपात चेहऱ्याच्या प्रसाधनांना दोन टक्क्यांची मर्यादा आहे. केसांना लावून धुऊन टाकायच्या उत्पादनांत ती तीन टक्के आहे. गजकर्णावरच्या जुन्या प्रसिद्ध ‘व्हिटफिल्ड’ मलमात सहा टक्के बेंझोइक आम्लासोबत हे तीन टक्के असते. चामखीळ जाळायच्या द्रावणात ते १७ टक्क्यांच्या आसपास जाते. त्वचारोगतज्ज्ञ ‘पील’साठी २० ते ३० टक्के वापरतात, तेही मिनिटे मोजून. आणि कुरूप काढायला जी गोल पट्टी मिळते, तिच्यात सुमारे ४० टक्के असते. तळव्याची कठीण झालेली कातडी भुसभुशीत करून उचकटायची हे त्या पट्टीचे काम. पदार्थ एकच, चेहरा उजळणे आणि कातडी सोलवटणे यांत फरक फक्त टक्क्यांचा आहे.

आता घरातला वजनकाटा घ्या. बहुतेक काटे एक ग्रॅमच्या टप्प्याने वजन दाखवतात. आपल्याला हवे ०.६ ग्रॅम. काट्यावर ‘१’ दिसला तर वाटीत प्रत्यक्षात अर्ध्यापासून दीड ग्रॅमपर्यंत काहीही असू शकते. दीड ग्रॅम असेल तर ३० ग्रॅमच्या बाटलीत पाच टक्के आम्ल झाले, म्हणजे मर्यादेच्या अडीचपट. चमच्याने मोजणाऱ्यांचे तर विचारूच नका. ही पावडर हलकी आणि फुसफुशीत असते. सपाट चमचा, दाबून भरलेला चमचा आणि शिगोशीग चमचा यांच्या वजनात मोठा फरक पडतो. काही जण तर ओल्या चेहऱ्यावर थेट पावडर चोळायला सांगतात. पाकिटातली पावडर शंभर टक्के शुद्ध असते, हे सांगायचे मात्र राहून जाते.

विरघळली असे वाटते, पण…

दुसरी अडचण अधिक फसवी आहे, कारण ती डोळ्यांना लगेच दिसत नाही. सॅलिसिलिक आम्ल पाण्यात फारच कमी विरघळते. साध्या तापमानाच्या १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ०.२ ग्रॅम, बस्स. दोन टक्क्यांचे द्रावण पाण्यात करायला गेलात तर दहातले नऊ भाग तसेच तळाशी राहतात. गुलाबजल, काकडीचा रस, कोरफडीचा गर ही नावे वेगळी असली तरी आम्लाच्या दृष्टीने ते सारे पाणीच.

मग कोणी तरी ते गरम करायला सांगते. उकळत्या पाण्यात पावडर बऱ्यापैकी विरघळते, द्रावण स्वच्छ दिसते, जमले असे वाटते. बाटली थंड झाली की तेच आम्ल सुयांसारख्या बारीक स्फटिकांच्या रूपात परत बाहेर पडते. हे स्फटिक मिसळलेला गर चेहऱ्यावर लावला की एका ठिकाणी जवळपास काहीच लागत नाही आणि बोटभर अंतरावर आम्लाचा कण घाम आणि तेलात हळूहळू विरघळत त्वचेला भाजत बसतो. घरगुती सीरमने चेहऱ्यावर ठिपक्याठिपक्यांनी लाल चट्टे उठतात, त्यामागे हे एक कारण असू शकते.

मद्यार्कात हे आम्ल सहज विरघळते, म्हणून काही जण सॅनिटायझर किंवा स्पिरिट वापरतात. मद्यार्क उडून जातो, आम्ल मागे राहते आणि त्वचेवर क्षणाक्षणाला अधिक तीव्र होत जाते. त्या द्रावणात वरून गुलाबजल ओतले तर आम्ल पुन्हा स्फटिक होऊन खाली बसते. आणि हा सारा खेळ गॅसच्या शेगडीशेजारी चालतो, हे वेगळे सांगायला नको.

तिसरी अडचण सामूची, म्हणजे पीएचची. निरोगी त्वचेचा सामू साधारण साडेचार ते साडेपाच असतो. सॅलिसिलिक आम्लाच्या संपृक्त द्रावणाचा सामू २.४ च्या आसपास, म्हणजे लिंबाच्या रसाच्या जवळपास. सामूचा आकडा एकाने उतरला की आम्लता दहापट वाढते, त्यामुळे हा फरक शेकडो पटींचा आहे. यावर उपाय म्हणून खाण्याचा सोडा टाकायला सांगितले जाते. सोडा टाकताच फेस येतो आणि पावडर चटकन विरघळते. पण आता वाटीत सॅलिसिलिक आम्ल फारसे उरलेलेच नसते; त्याचे सोडियम सॅलिसिलेट नावाचे क्षार झालेले असते आणि ते त्वचेत नीट शिरत नाही. सामू तीन असताना साधारण निम्मे आम्ल मूळ रूपात असते, चारला सुमारे दहावा हिस्सा आणि पाचला जेमतेम एक टक्का. म्हणजे सोडा कमी पडला तर भाजते, जास्त पडला तर काहीच होत नाही. चांगला उत्पादक तीन ते चारच्या मधली अरुंद वाट धरतो आणि बाटली संपेपर्यंत ती सुटू देत नाही. वाटी-चमच्याने ही वाट सापडणे हा निव्वळ योगायोग.

‘ॲस्पिरिनची गोळी कुटून मधात लावा’ हा सल्लाही याच घराण्यातला. ॲस्पिरिन म्हणजे ॲसिटिल-सॅलिसिलिक आम्ल. ते वेगळे संयुग आहे. गोळी मधात कालवल्याने त्याचे सॅलिसिलिक आम्ल लगेच होत नाही.

‘नैसर्गिक’ नावाचा दिलासा

हे आम्ल झाडाच्या सालीतून येते, म्हणून निर्धोक, असाही एक समज आहे. साल खरी आहे. विलो नावाच्या झाडाची साल तापावर चालते, असे एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकाने १७६३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले होते. आपल्याकडे नदीकाठी वाढणारा वाळुंज त्याच कुळातला. राफाएले पिरिया या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने १८३८ साली त्या सालीतल्या द्रव्यापासून हे आम्ल मिळवले. पण पुढे जर्मनीत हर्मन कोल्बे यांनी ते फिनॉल आणि कार्बन डायऑक्साइडपासून बनवण्याची रीत शोधली आणि १८७४ मध्ये ड्रेस्डेनजवळ त्याचा कारखाना उभा राहिला. आज पाकिटात येणारी पावडर या कारखानी वाटेनेच येते. त्यात वाईट काही नाही. औषध कारखान्यात बनले म्हणून वाईट होत नाही आणि झाडातून आले म्हणून सौम्यही होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत सॅलिसिलिक आम्लाचे द्रावण आहे, ते त्याच्या गुणामुळे. त्यापुढे पाच टक्के असा आकडाही लिहिलेला आहे.

आपल्या त्वचेचा हिशेब

भाजणे कुठल्याही त्वचेला वाईटच. पण सावळ्या, गव्हाळ त्वचेला त्याची वेगळी किंमत मोजावी लागते. आपल्या त्वचेत रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी अधिक तत्पर असतात. दाह झाला की त्या जास्तीचे रंगद्रव्य तयार करतात आणि लाली ओसरल्यावर मागे काळा डाग उरतो. मुरूम आठवड्याभरात जातो. हा डाग महिनोन्महिने राहतो. मग तो घालवायला आणखी एक क्रीम येते, कधी कधी दुकानदाराने हातावर ठेवलेले स्टिरॉइडचे, आणि त्यातून नवे दुखणे सुरू होते. लग्नाच्या बाजारात आणि नोकरीच्या मुलाखतीत चेहऱ्याकडे कसे पाहिले जाते हे ठाऊक असलेल्या समाजात हा डाग केवळ त्वचेवर राहत नाही.

सावळ्या त्वचेवर हे आम्ल चालतच नाही, असे मात्र मुळीच नाही. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ पर्ल ग्राइम्स यांनी १९९९ साली गडद वर्णाच्या २५ रुग्णांवर २० आणि ३० टक्क्यांच्या पीलचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि निष्कर्ष चांगले आले. पण त्यात आधी दोन आठवडे त्वचेची तयारी करून घेतली होती, तीव्रता पायरीपायरीने वाढवली होती आणि समोर डॉक्टर होते. गुण आम्लाचा होता तसा त्या काळजीचाही होता.

आणखी एक गोष्ट. मुरमांवर हे पहिल्या रांगेचे औषधही नाही. अमेरिकन त्वचारोग अकादमीने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत बेंझॉइल पेरॉक्साइड आणि रेटिनॉइड गटातील मलमांची ठाम शिफारस आहे. सॅलिसिलिक आम्लाची शिफारस आहे ती सशर्त. ज्याच्यासाठी आपण चेहरा पणाला लावतो, ते मुळात दुय्यम अस्त्र आहे.

चेहऱ्यापलीकडचे धोकेही लक्षात ठेवावेत. ही पावडर डोळ्यांत गेली तर गंभीर इजा होऊ शकते, अशी युरोपात तिची अधिकृत नोंद आहे. पंख्याखाली पाकीट फोडताना हे आठवावे. पाठीवर, मांड्यांवर मोठ्या भागात लावून वर कापड किंवा प्लास्टिक गुंडाळले तर ती रक्तात शोषली जाते. कानात आवाज येणे, मळमळ, श्वास जोरात चालणे ही त्याची लक्षणे. गर्भवतींनी, मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती वापरू नये. मधुमेहींनी पायाच्या कुरुपाला तर मुळीच लावू नये. संवेदना कमी झालेल्या पायाला भाजल्याचे कळत नाही आणि जखम चिघळते.

घरात लहान मूल असेल तर गोष्ट अधिकच गंभीर. ही पावडर साखरेसारखी पांढरी, जिभेला आधी गोडसर लागणारी. सॅलिसिलेट गटातल्या औषधांचे प्रमाण वजनाच्या किलोमागे १५० मिलिग्रॅमच्या पुढे गेले की विषबाधेची शक्यता धरून चालतात. बारा किलोच्या मुलासाठी हे होतात १.८ ग्रॅम, म्हणजे जेमतेम चमचाभर. आणि सीरम बनवून झाल्यावर फळीवर उरलेली असते ९९ ग्रॅम.

काचेच्या खिडकीमागचा माणूस

हे आम्ल घरोघरी वापरले जाणे आपल्याला नवे नाही. फार जुनी गोष्ट नाही, डॉक्टर चिठ्ठीवर ‘सॅलिसिलिक तीन टक्के, व्हॅसलीनमध्ये’ असे लिहून देत आणि दवाखान्याच्या खिडकीमागचा कंपाउंडर ते मलम तिथेच बनवून डबीत भरून देई. मिक्श्चरच्या बाटलीला मात्रेच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवणारा तोच हा माणूस. तो पावडर बारीक तराजूवर तोलत असे. मग ती काचेवर पात्याने थोड्या तेलकट द्रव्यात घोटत असे, हाताला खर लागेनाशी होईपर्यंत. कारण न घोटलेला स्फटिक त्वचेला भाजतो हे त्याला ठाऊक होते. मग त्यात तेवढेच व्हॅसलीन, पुन्हा तेवढेच, असे वाढवत नेई, म्हणजे डबीच्या वरच्या आणि तळाच्या मलमात सारखेच आम्ल येई. सगळेच कंपाउंडर रीतसर शिकलेले होते असे नाही. पण ते काम कोणाचे, चुकले तर विचारायचे कोणाला, हे ठरलेले होते.

तयार औषधे आली, कंपाउंडर गेला. आता ऑनलाइन बाजाराने त्याच्या कपाटातली बरणी थेट आपल्या दारात आणून ठेवली. पण तराजू, काच, घोटण्याचा सराव आणि जबाबदारी मागेच राहिली. रील बनवणारा त्या खिडकीत बसलेला नाही. त्याच्याकडे परत जाऊन ‘हे पाहा काय झाले’ म्हणण्याची सोय नाही.

म्हणून केवळ ग्राहकाला शहाणपण शिकवून भागणार नाही. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायला आपल्याकडे १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे नियम यांनुसार परवाना लागतो. घरी बनवलेले ‘ॲक्ने सीरम’ व्हॉट्सॲपवर किंवा प्रदर्शनात विकणाऱ्या ताईंनी आणि बचत गटांनीही हे ध्यानात घ्यावे. उद्योग जरूर करावा, पण साबण-उटण्यापासून आम्लाकडे वळताना परवाना आणि जाणकार रसायनतज्ज्ञ सोबत हवा. शुद्ध पावडर मात्र ‘फेस पीलिंगसाठी’ अशा ओळीखाली किरकोळीत विकली जाते. अशा पाकिटावर शुद्धतेचा दर्जा, ‘पातळ केल्याशिवाय त्वचेला लावू नये’, डोळ्यांचा आणि मुलांचा इशारा मराठी-हिंदीत ठळकपणे असलाच पाहिजे, आणि झाकण मुलांना न उघडणारे हवे. अन्न व औषध प्रशासनाने याकडे लक्ष द्यावे आणि ऑनलाइन कंपन्यांनी ‘चेहऱ्यासाठी’ हे शब्द अशा पाकिटांवरून काढावेत, ही अपेक्षा अवाजवी नाही.

मग करायचे काय?

औषधाच्या दुकानात एक-दोन टक्के सॅलिसिलिक आम्लाचे फेसवॉश आणि जेल मिळतात. त्यातले साधे, बिनजाहिरातीचे निवडले तर खर्च आटोक्यात राहतो. आधी कानामागे किंवा हनुवटीखाली दोन-तीन दिवस लावून पाहा. सुरुवात एक दिवसाआड, रात्री. दिवसा उन्हापासून जपा. त्याच वेळी दुसरे आम्ल किंवा स्क्रब नको. सहा-आठ आठवड्यांत फरक नसेल, मुरूम गाठीसारखे दुखत असतील किंवा खड्डे पडत असतील तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. खासगी शुल्क परवडत नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचाविकारांचा बाह्यरुग्ण विभाग असतो. रांग लांब असेल, पण समोर बसणारा माणूस त्या विषयातला असतो.

घरी बनवलेले लावून आग झालीच, तर वाहत्या साध्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटे धुवा. टूथपेस्ट, लिंबू, सोडा, बर्फ काही लावू नका. डोळ्यांत गेले तर आधी लगेच वाहत्या साध्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटे डोळे धुवा आणि मग रुग्णालय गाठा; मुलाने खाल्ले तर विचारण्यात वेळ न दवडता थेट रुग्णालय गाठा. पाकीट सोबत घ्या, मुलाला ओकारी काढायला लावू नका.

आणि तरीही हौस असेलच, तर एकदा यादी करा: ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा काटा, सामू मोजायचे यंत्र, योग्य द्रावक, चष्मा, हातमोजे, मूल पोहोचणार नाही असे कुलूपबंद कपाट. या साऱ्याची बेरीज कितीतरी बाटल्यांच्या किमतीएवढी होते आणि तरी अनुभव विकत मिळत नाही. उटणे घरी बनवा, शिकेकाई कुटा, कोरफड लावा; तिथे अंदाजाला वाव आहे. पण जिथे चिमूट कमी-जास्त झाली की चेहऱ्यावर महिनोन्महिन्यांचा डाग उरतो, तिथे चिमटीवर भरवसा ठेवू नये. आधीच मागवलेले पाकीट घरात असेल, तर आज ते स्वयंपाकघराच्या फळीवरून तरी हलवा.